कप खाली ठेवलाय

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

हनादी,

ओळख पटावी म्हणून आधी सांगते. मी फिद्दा. तुझ्या बापाची आई. केरकच्या उतारावर, रस्ता संपतो तिथल्या घरात राहते. दारात अंजीर आहे, त्याच्याखाली बसून तू तीन वर्षांची असताना साबणाची अख्खी वडी खाल्ली होतीस. काही आठवतंय का? ईदला येते म्हणाली होतीस. ईद आली, बकरा आला, बकरा गेला. तू कुठे आहेस?

लिहून घेते आहे शेजारची नायफा मास्तरीण. ती म्हणते, पत्रात आधी सलाम लिहितात. मी म्हटलं, सलाम आठवण ठेवणाऱ्यांना. लिही तू.

फोन कर म्हणशील. फोनवर तू ‘हं, हं’ म्हणतेस आणि तिकडे बोटं टकटक चालू असतात, मला ऐकू येतं. पत्राला ‘हं’ म्हणून भागत नाही. शिवाय तुझं पत्र मी नायफाकडून तीनदा वाचून घेते. तिसऱ्या वेळी तू खोलीतच बसलीयस असं वाटतं. अम्मानच्या बसचा ड्रायव्हर माझा भाचेजावई आहे, तो पत्र नेईल आणि आणील. नाही आणलं तर त्याच्या सासूला सांगेन.

तुझा बाप म्हणतो, तू विद्यापीठाच्या दवाखान्यात बोलणं गेलेल्या माणसांना बोलायला शिकवतेस. तुझे आजोबा आयुष्यभर अडखळत बोलले, त्यांना कुणी शिकवलं नाही; त्यांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत माझी भाकरी भाजून व्हायची. ते ऐकत मोठी झालीस म्हणून या कामात शिरलीस की काय? बोलणाऱ्यांना गप्प करणारा दवाखाना निघाला तर कळव, नायफाला घेऊन येते. (हे तिनं लिहिलं की नाही, देव जाणे.)

दिवसभर काय करतेस ते नीट सांग.

तुझी आजी
फिद्दा


गुरुवार, १३ ऑक्टोबर

प्रिय आजी,

साबण आठवतो. चवही आठवते. ईदचं चुकलं, माफ कर.

माझी खोली तुला दाखवायला हवी. भिंतींना जाड कापड लावलंय, त्यामुळे दार लागलं की जग बंद होतं. स्वतःचा श्वाससुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटतो. एका भिंतीला काळसर आरसा. आम्हाला त्यात आम्हीच दिसतो, पण पलीकडे विद्यार्थी बसतात, त्यांना आम्ही दिसतो. ते आमच्याकडे बघून शिकतात आणि आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर लमीस, माझ्या चुका टिपून घेतात.

सध्या माझ्याकडे तुझ्याच बाजूचे एक आजोबा येतात, अबू दैफल्ला. वसंतात मेंदूत रक्त गोठलं, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. मनात शब्द आहे, पण तोंडापर्यंत वाट सापडत नाही. एकच शब्द मागे राहिलाय, देवाशपथ म्हणायचा: वल्ला. मी किल्लीचं चित्र दाखवते, ते म्हणतात, ‘वल्ला.’ कंगवा दाखवते, ‘वल्ला.’ त्यांचा मुलगा दैफल्ला रविवारी आणि बुधवारी त्यांना घेऊन येतो आणि बाहेर बसतो. नातेवाइकांनी आत यायचं नाही असा नियम आहे.

काल वाटलं, पाहुणा माणूस, म्हातारा माणूस, म्हणून माझ्या थर्मासमधली कॉफी दिली. त्यांनी कप घेतला, समोर टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत बसले. प्याले नाहीत. तास संपला, कॉफी गार झाली, ते उठून गेले.

माझं काही चुकलं का गं?

तुझी हनादी


शुक्रवार, २१ ऑक्टोबर

हनादी,

तुमच्याकडे आला म्हणून त्याला आजारी म्हणता, पण नुसतं ‘वल्ला’वर आयुष्य काढलेले आमच्या गावात निदान नऊ पुरुष आहेत आणि त्यांची लग्नंसुद्धा झाली.

खरं सांग, कप काठोकाठ भरलास ना? अम्मानमध्ये चहाच्या पेल्यातून कॉफी पिणारी पोरं तुम्ही! काठोकाठ कप म्हणजे ‘प्या आणि चालू पडा’. म्हातारा तिथल्या तिथे उठून गेला नाही हे त्याचे उपकार. तुझ्या आईच्या कपाटात बिनकानाचे छोटे कप आहेत, ते ने. तळाला दोन घोट ओत. उजव्या हातानं दे. तो डाव्या हातानं घेईल आणि त्याला लाज वाटेल, तेव्हा तू भिंतीकडे बघ.

इकडे धुकं सुरू झालंय. सकाळी दरीतून वर येतं आणि अंजिराखाली बसतं, शेजारीण बसावी तसं. खालचा समुद्र दिसत नाही, शेळ्या दिसत नाहीत, नुसत्या घंटा ऐकू येतात. मला वाटतं, तुझ्या म्हाताऱ्याचे शब्द असेच आहेत. मेलेले नाहीत. खाली चरताहेत.

आजी


रविवार, ३० ऑक्टोबर

प्रिय आजी,

सगळं तू सांगितलंस तसं केलं. छोटा कप, दोन घोट, उजवा हात, भिंतीकडे बघणं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. डाव्या हातानं कप घेतला, किती जपून! आणि पुन्हा समोर ठेवला. चार वेळा असंच झालं. पाणी दिलं तर पाण्याचा पेलाही समोरच ठेवला.

आरशामागून डॉक्टर लमीस आल्या. म्हणाल्या, ‘हनादी, माणूस पीत नाही आणि तू चार वेळा नुसती बघत बसलीस? अशा आजारात गिळणंही बिघडतं. ठसका लागेल म्हणून घाबरत असतील.’ मुलगा म्हणाला, घरी तर दिवसाला वीस कप पितात. बाई म्हणाल्या, घरचे नेहमी असंच म्हणतात. मग आमच्याकडे एक पावडर असते, पातळ पेय दाट करायची, ती मी त्यांच्या कॉफीत घातली. आजी, ती कॉफी खळीसारखी झाली. चमचा उभा राहिला. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ताटात कुणी जोडा वाढला तर माणूस बघेल तसं. म्हणाले, ‘वल्ला!’ आरशामागे कुणीतरी हसलं.

महिन्याभरात सुधारणा दिसली नाही तर त्यांची जागा दुसऱ्याला जाईल. चार वर्षांची एक मुलगी वाट बघते आहे. तिचीही बाजू बरोबरच आहे.

रात्री डोळे मिटले की मला तो कप दिसतो.

हनादी


शुक्रवार, ४ नोव्हेंबर

हनादी!

कॉफीची खळ केलीस? केरकच्या माणसाला? नायफाला हे दोनदा वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा वाटलं तिचा चष्मा गेला.

आता गप्प बसून ऐक. माझ्या लग्नाची मागणी घालायला जाहा आली होती, सत्तावीस पुरुष. जाहा काय असते ते तुला माहीत आहे, पण तू ती बाहेरून पाहिलीस, मोटारी मोजत. मी पडद्यामागे होते. पडद्याला भोक होतं एवढंसं, त्यातून मला फक्त एक कप दिसायचा. माणसं नाहीत, नुसता कप. त्यांच्यातल्या थोरल्यानं तो हातात घेतला आणि खाली ठेवला. ज्याला काही मागायचं असतं तो पीत नाही. कप खाली ठेवतो. यजमान ‘दिलं’ म्हणेपर्यंत त्याला हात लावत नाही. माझा बाप खट्याळ. कप बघितला आणि शेळ्यांच्या खरजेबद्दल बोलत बसला. कपावर वाफ होती, मग पातळ झाली, मग नव्हती. तुझे आजोबा कुठे बसलेत ते मला दिसत नव्हतं. मी त्या कपाकडेच बघत होते, त्याच्याशीच माझं लग्न ठरत असल्यासारखी. शेवटी बाप म्हणाला, ‘प्या कॉफी. ज्यासाठी आलात ते दिलं.’

तुझ्या म्हाताऱ्याला गिळता येतं. तो काहीतरी मागतोय, बाई. तीन आठवडे मागतोय, आणि तू त्याला कंगवा दाखवतेस.

बुधवारी कॉफी दे. तो कप ठेवील. मग सरळ बस आणि माझ्या बापाचे शब्द म्हण. पांढरा कोट काढून म्हण.

आजी


गुरुवार, १० नोव्हेंबर

प्रिय आजी,

कोट काढला. म्हटलं, ‘अबू दैफल्ला, प्या कॉफी. ज्यासाठी आलात ते दिलं.’

मग त्यांनी कप उचलला, एका घोटात प्याले, पुन्हा पुढे केला. मी ओतली. पुन्हा. तिसऱ्यांदा प्याल्यावर कप हलवला, पुरे म्हणून. ठसका नाही, काही नाही. गालावरून पाणी दाढीत उतरत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मला लाज वाटली, आजी. मला ही रीत ठाऊक होती गं. पण ती पुरुषांच्या बैठकीतली. एका पोरीच्या टेबलावर कुणी तसा कप ठेवील असं मनातच आलं नाही.

मग त्यांनी डाव्या हातानं कोटाच्या आतल्या खिशातून एक छापील कार्ड काढलं. नातवाच्या, राकानच्या, मागणीची जाहा. दोन डिसेंबर, शुक्रवार. खाली छापलंय: ‘वराकडून बोलतील: शेख फलाह.’ त्यांचा धाकटा भाऊ. त्यांनी माझी पेन्सिल घेतली आणि भावाच्या नावावर काट मारली. कागद फाटेपर्यंत.

मी नियम मोडून दैफल्लाला आत बोलावलं. तो खाली बघत म्हणाला, ‘आमच्यात थोरला बोलतो. पण बाबांना कसं जमणार, डॉक्टर? काकांना सांगावं लागलं.’

आता माझी गोष्ट ऐक. आमच्या कामात पहिल्याच वर्षी शिकवतात: बरं होईल असं कुणाला कधीही सांगायचं नाही. आणि तुझं ऐकून, त्यांनी काय मागितलंय ते न विचारताच मी ‘दिलं’ म्हणून बसले! डॉक्टर लमीस म्हणाल्या, ‘शब्द देणारी तू कोण?’ पण पावडरचा डबा त्यांनीच कपाटात परत ठेवला आणि महिनाअखेरपर्यंत बुधवारचा तास दीड तासाचा करून दिला.

तीन आठवडे आहेत. आजी, मी शब्द दिलाय.

हनादी


मंगळवार, १५ नोव्हेंबर

हनादी,

दिलास ना? मग रडतेस काय. माझ्या बापानं मला देऊन टाकलं तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं, पुढे काय होणार.

पुरुष जाहेत तासभर बोलतात, त्यातला पाऊण तास मिशांना पीळ. लागतं एवढंच: ‘तुमच्या घरी आलोय. तुमची लेक आमच्या राकानला मागतो.’ बाकीचं सोड. बसवाल्याबरोबर माझं लाकडी उखळ पाठवते आहे, कॉफी कुटायचं. त्याला डाव्या हातानं कुटू दे. आमच्याकडे कुटण्याचा ठेका असतो, तो ऐकून पाहुणे येतात. शब्दही पाहुणेच.

काल दुपारी डोळा लागला तर तुझे आजोबा आले. उतारावर उभे होते आणि बोलत होते, अडखळत नव्हते, पाणी वाहावं तसं. मी म्हटलं, ‘अहो, थांबा जरा, एवढं भराभर नका बोलू, मला सवय नाही.’ ते थांबले, आणि मग नेहमीसारखं अडखळत माझं नाव घेतलं. फि… फि… जागी झाले तेव्हा बरं वाटत होतं. म्हाताऱ्याला फार गुळगुळीत करू नकोस.

आणि मुलीचं घर कुठलं, ते त्या कार्डावरून वाचून कळव. उगाच विचारते.

आजी

(मी नायफा. हे ती सांगत नाही म्हणून लिहिते: अम्मानची बस आली की ती अंजिराखाली जाऊन उभी राहते. पत्र हातात पडल्यावरही बसचं दार बंद होईपर्यंत बघत असते. तिला सांगू नकोस, मी विरामचिन्हं घालते आहे असं सांगितलंय. विरामचिन्हं म्हणजे काय हे विचारावं लागू नये म्हणून तिनं मान डोलावली.)


सोमवार, २८ नोव्हेंबर

प्रिय आजी,

उखळ पोचलं. खालच्या मजल्यावर परीक्षा चालू होती, तिथून दोनदा माणूस आला. डॉक्टर लमीस दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘हा उपचार आहे,’ आणि स्वतः टेबलावर ठेका धरला. डाव्या हातानं ठेका धरला की कोंडलेले शब्द सुटतात, हे आमच्या पुस्तकातही आहे. पण त्यात वास नाही गं. त्या बंद खोलीत वेलचीचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास भरतो, आरशातला म्हातारा आणि हा म्हातारा एकाच वेळी हात उचलतात, आणि मला वाटतं, आम्ही दोघं कुठेतरी खूप खाली, पाण्यात बसलोय, आणि वरून कुणीतरी हाक मारतंय.

‘तुमच्या घरी आलोय’ येतं. दहात आठ वेळा. ‘मागतो’ येतं, कधी कधी. मधलं सगळं ‘वल्ला’त बुडतं. आणि एकेका शब्दाला इतका वेळ लागतो, आजी. आम्ही थांबतो, पण तिथे कोण थांबेल?

काल फलाह आले होते. भला माणूस. टोपी हातात घेऊन बसले. म्हणाले, ‘डॉक्टर, साठ पुरुष असतील. माझा भाऊ असं बोलायचा की मेलेल्या उंटाचाही मालकाशी समेट घडवून आणायचा. लोकांना तो अबू दैफल्ला आठवू दे. त्याचं हसं करू नका.’

परवा, बुधवारी, शेवटचा तास. त्यांना सांगणार आहे की मी दिलेला शब्द मला परत द्या. तुझं उत्तर वेळेत पोचणार नाही, माहीत आहे. तरी लिहिलं.

मुलीचं घर तुमच्या वरच्याच गावात आहे. अबू ममदूह म्हणून कुणी आहेत.

हनादी


शनिवार, ३ डिसेंबर

हनादी,

तुझं पत्र बुधवारी दुपारी आलं. उत्तर पोचणार नव्हतंच, म्हणून शाल घेतली आणि वरच्या गावात गेले. चालत. धुकं एवढं की माझी काठी माझ्या पुढे कुणीतरी दुसरंच धरून चाललंय असं वाटत होतं.

अबू ममदूहची आई वदहा. तिच्याशी मी अकरा वर्षं बोलले नव्हते, कारण माझ्या जमीदात मीठ जास्त असतं असं ती भर लग्नात बोलली. दह्याचे गोळे वाळवायचे कसे, हे तिच्या आईला माझ्या आईनं शिकवलं! तिनं दार उघडलं, मला बघितलं, आणि कॉफी ठेवली. मी कप घेतला आणि खाली ठेवला.

ती म्हणाली, ‘बाई असून?’

मी म्हटलं, ‘बाई असून.’

‘माफी मागायला लावणार असशील तर कॉफी गार होऊ दे.’

‘मीठ गेलं खड्ड्यात,’ मी म्हटलं. ‘शुक्रवारी तुझ्या घरी एक म्हातारा बोलेल. त्याला वेळ लागेल. तुझ्या लेकानं त्याच्या मध्ये बोलायचं नाही आणि कुणाला बोलू द्यायचं नाही. दुपार झाली तरी.’

तिनं कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, ‘पी. दिलं. आणि मीठ जास्तच असतं.’

काल गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण मला हाकलायला कुणाचं धाडस आहे? बायका आतल्या खोलीत. पडद्याला यावेळी भोक नव्हतं. नायफाच्या टाचणीनं पाडलं.

साठ नव्हे, ऐंशी तरी असतील. अबू दैफल्ला मध्ये बसला. कप आला, डाव्या हातानं घेतला आणि खाली ठेवला. मला पुन्हा तोच दिसला, हनादी. नुसता कप. वाफ वर जात होती आणि मी सतरा वर्षांची होते की अठ्ठ्याहत्तर, मला सांगता आलं नसतं.

‘तुमच्या घरी आलोय,’ तो म्हणाला. स्वच्छ.

मग काही नाही.

फलाहनं घसा खाकरला. अबू ममदूहनं हात वर केला. ‘माझ्या पाहुण्याचा कप अजून खाली आहे,’ तो म्हणाला. ‘आम्हाला घाई नाही.’ त्याला वाटतं, हे त्यालाच सुचलं. वदहानं माझ्या बरगडीत कोपर मारलं.

तर ऐंशी पुरुष गप्प बसले. हातात कॉफी, पण प्यायची कुणी? थोरल्याचा कप खाली असताना कोण पिणार? दार उघडं होतं, त्यातून धुकं आत आलं आणि चपलांवर बसलं. अंगणात कोंबडी ओरडली आणि थांबली. मी कुणालाही एवढा वेळ गप्प बसलेलं बघितलं नाही, मशिदीतसुद्धा. मग त्याचा डावा हात गुडघ्यावर हलायला लागला. टक, टकटक. टक, टकटक. माझ्या उखळाचा ठेका. पलीकडचे म्हातारे नकळत माना डोलवायला लागले.

‘तुमची लेक,’ तो म्हणाला. पुन्हा थांबला. ठेका चालूच. ‘वल्ला… वल्ला, तुमची लेक… आमच्या राकानला…’ आणि मग बाहेर धुक्याकडे बघत, जसं तिथून कुणी चढून येतंय, ‘मागतो.’

ते ‘वल्ला’ तिथे शोभूनच दिसलं. देवाची शपथ घालून मागतोय असंच सगळ्यांना वाटलं.

अबू ममदूह म्हणाला, ‘प्या कॉफी. ज्यासाठी आलात ते दिलं.’ म्हाताऱ्यानं ती गारढोण कॉफी प्याली, आणि मग ऐंशी पुरुषांनी गारढोण कॉफी प्याली, आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही. पहिला उठला तो फलाह. त्यानं भावाच्या डोक्याचं चुंबन घेतलं. वदहा रडत होती. मी नाही. मला धुकं डोळ्यांत जातं.

दैफल्ला मला दारात भेटला. म्हणाला, बुधवारी डॉक्टरांनी शब्द परत मागितलाच नाही. नुसत्या समोर बसून कुटत राहिल्या, तास संपेपर्यंत. तो ‘डॉक्टर’ म्हणत होता तुला, माझ्यासमोर, साबण खाणारीला! आणि म्हणाला, आता बाबांची जागा त्या चार वर्षांच्या मुलीला देणार आहेत, बाबांनीच ‘वल्ला’ म्हणून सांगितलं.

तर तुझा शब्द फिटला. आता माझं ऐक.

मी खिडकीशी बसले आहे. नायफानं कॉफी केली आहे, पातळ, तिला कधी जमली नाही. कप मी समोर खाली ठेवलाय. शुक्रवारी दुपारी बस येते. तोवर रोज नवा कप भरीन आणि रोज खाली ठेवीन. नायफा म्हणते कॉफी वाया जाईल. जाऊ दे.

येताना माझं उखळ आण. आणि अम्मानच्या मधल्या बाजारातून पाव किलो वेलची, हिरवी, फुटलेली नको. तीळ लावलेली बिस्किटं दोन डबे, एक वदहासाठी, तिला सांगायचं की यात मीठ नाही. ड्रायव्हरकडे देऊन मोकळी होऊ नकोस. तुझ्याच हातानं आण.

आजी